मोडीचा शिक्का बसलेली मोटार घ्यावी काय?

कापडाच्या धंद्यातील माणसाने मोटारीवर का लिहावे, असा प्रश्न वाचक बंधूंना पडेल. आमचे आयुष्य भिवंडीत ग्रे कापडाच्या ताग्यांमध्ये गेले. गाडी म्हणून आम्हांला माल वाहणारा टेम्पो तेवढा कळतो. परंतु गेल्या हिवाळ्यात अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातून आमच्या पुतण्याचा फोन आला आणि त्या एका सौद्याने आम्हांला पंधरा दिवस झोप लागू दिली नाही. त्या सौद्यात मोटार निमित्तमात्र होती. खरा प्रश्न होता तो ऐब असलेला माल घेण्याचा आणि पुढे विकण्याचा. हा प्रश्न आपल्या प्रत्येक दुकानात, कारखान्यात आणि गॅरेजमध्ये रोज उभा असतो. म्हणून तो या पानावर मांडत आहोत.

पुतण्या तिकडे इंजिनिअर आहे. लहानपणापासून त्याला यंत्रे खोलण्याचा नाद. तो म्हणाला, “चाचा, एक जुनी स्पोर्ट्स कार स्वस्तात मिळते आहे. अकरा हजार डॉलर सांगतात. अशीच दुसरी गाडी इथेच बत्तीस हजारांना आहे. कागदावर फक्त एक शिक्का आहे.”

“शिक्का कसला, ते आधी सांग,” आम्ही म्हणालो.

“सॅल्व्हेजचा,” तो म्हणाला.

हा शब्द ऐकताच आमच्या पोटात गोळा आला. सॅल्व्हेज हा शब्द आम्हांला मोटारीमुळे नव्हे, कापडामुळे माहीत आहे. त्याची हकिगत पुढे येईल.

गाडी कोणती होती?

गाडी होती जपानच्या निस्सान कंपनीची डॅटसन २४०-झेड, १९७१ ची. ही गाडी १९६९ मध्ये बाजारात आली. अमेरिकेत तिची मूळ किंमत ३,५२६ डॉलर होती. सहा सिलिंडरचे २.४ लिटरचे इंजिन, लांब नाक आणि दोनच माणसांची बैठक. युरोपच्या महागड्या गाड्यांची मजा मध्यमवर्गीय माणसाला परवडेल अशा दरात तिने दिली आणि लाखाहून अधिक गाड्या खपल्या. आज तिचे चाहते जगभर आहेत. जानेवारी २०२० मध्ये १९७१ चीच एक न बदललेली, फार थोडी चाललेली २४०-झेड लिलावात ३ लाख १० हजार डॉलरला गेली. अशा बातम्या वाचून तरुणांच्या डोळ्यांपुढे आकडे नाचू लागतात. पण असा आकडा त्या एका गाडीचा असतो, सगळ्या गाड्यांचा नसतो, हे विसरले जाते.

या गाडीचा मोठा शत्रू गंज. त्या काळी पत्र्याला गंजरोधक प्रक्रिया फारशी होत नसे. बॅटरीखालची जागा, पायाखालची फरशी, दारांखालच्या पट्ट्या आणि मागच्या चाकांपुढचा भाग येथे पाणी साचते आणि पत्रा आतून खातो. शिवाय या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. फरशीखालच्या पोकळ पट्ट्या गंजल्या म्हणजे गाडीचा कणाच गेला. वरचा रंग कितीही चकाकत असला तरी त्याला अर्थ नाही.

शिक्क्याचा अर्थ काय?

अमेरिकेत प्रत्येक गाडीला मालकीचा सरकारी कागद असतो, त्याला टायटल म्हणतात. अपघात, पूर, आग किंवा चोरी यात गाडीचे इतके नुकसान झाले की दुरुस्त करण्यात अर्थ नाही, तर विमा कंपनी मालकाला पूर्ण भरपाई देते, गाडी स्वतःकडे घेते आणि लिलावात काढते. त्या वेळी टायटलवर ‘सॅल्व्हेज’ असा शिक्का बसतो. आपल्या भाषेत म्हणायचे तर मोडीत निघालेली गाडी. ती दुरुस्त करून सरकारी तपासणीतून काढली तर ‘रीबिल्ट’, म्हणजे पुन्हा बांधलेली, असा कागद मिळतो. तोवर ती रस्त्यावर आणता येत नाही. आणि ‘रीबिल्ट’ झाली तरी पहिला इतिहास कागदावरून जात नाही.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. हा शिक्का नुकसान किती झाले ते सांगत नाही. दुरुस्तीचा खर्च आणि गाडीची त्या दिवशीची किंमत यांचे प्रमाण तेवढे तो सांगतो. हे प्रमाणही राज्याराज्यांत वेगळे आहे. न्यूयॉर्कमध्ये किमतीच्या ७५ टक्के, फ्लोरिडात ८० टक्के, तर टेक्सासमध्ये पूर्ण १०० टक्के. म्हणजे एकच गाडी एका राज्यात मोड ठरते आणि दुसऱ्यात धड.

यातून जुन्या गाडीच्या बाबतीत एक चमत्कार होतो. जी २४०-झेड आज तीस हजारांची आहे, ती एके काळी नुसती जुनी गाडी होती आणि दोन-तीन हजारांत मिळत असे. त्या काळी तिचा एक दरवाजा आणि एक मडगार्ड चेपले तरी खर्च किमतीच्या वर जाई आणि शिक्का बसे. असा तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा शिक्का असेल, कारण किरकोळ असेल आणि नंतर कुणी मन लावून गाडी दुरुस्त केली असेल, तर शिक्क्याला घाबरून पळण्याचे कारण नाही. उलट तीच गाडी कमी दरात मिळते. परंतु शिक्का अलीकडचा असेल, तर गोष्ट उलटी आहे. किंमत वर असतानाही ज्या गाडीला विमा कंपनीने मोडीत काढले, तिचे नुकसान मोठेच असले पाहिजे.

म्हणून पुतण्याला आम्ही पहिला प्रश्न विचारला, “शिक्का कोणत्या साली बसला आणि का?”

विकणारा म्हणत होता, मागून किरकोळ धडक बसली होती. कागद शेजारच्या राज्याचा, २०१७ च्या अखेरीस निघालेला. त्यावर कारण नव्हते. परंतु पुतण्याने बारकाईने पाहिले तेव्हा समोरच्या काचेवर नोंदणीची जुनी चिठ्ठी अजून चिकटलेली होती. ती ह्यूस्टनच्याच हॅरिस काउंटीची, २०१७ ची. म्हणजे गाडी त्या वर्षी ह्यूस्टनमध्ये होती. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे चक्रीवादळाने ह्यूस्टन पाण्याखाली गेले होते आणि लाखो मोटारी बुडाल्या होत्या. मग ह्यूस्टनच्या गाडीचा कागद शेजारच्या राज्यात का निघाला, हे वेगळे सांगावयास नको. राज्ये बदलून कागदावरील डाग पुसट करण्याच्या या प्रकाराला तिकडे कागद धुणे असेच म्हणतात.

हा प्रकार थांबावा म्हणून तेथे १९९२ च्या कायद्याने देशभरच्या टायटलांची एकत्र नोंदवही करण्याचे ठरले आणि २००९ पासून ती सामान्य ग्राहकांनाही पाहता येते. परंतु या नोंदी गाडीच्या सतरा अक्षर-अंकांच्या क्रमांकावर चालतात, आणि तो सतराचा नियम १९८१ च्या गाड्यांपासून आला. त्याआधीच्या गाडीचा क्रमांक छोटा. म्हणून १९७१ च्या गाडीसाठी त्या नोंदवहीवर भिस्त ठेवता येत नाही. जुन्या गाडीची नोंदवही म्हणजे तिचा पत्राच. तोच वाचावा लागतो.

पत्रा काय बोलला?

पुतण्याने एका अनुभवी कारागिराला शंभर-दीडशे डॉलर देऊन गाडी लिफ्टवर चढवली. आमच्या मते साऱ्या सौद्यात शहाणपणाने खर्च झालेला पैसा तेवढाच. कारागिराने चुंबक फिरवला. मागच्या चाकांपुढे तो चिकटेना, म्हणजे आत पुट्टी भरलेली. दाराचे आतले पुठ्ठे काढले तर पाण्याची रेषा दिसली. डॅशबोर्डच्या मागे बारीक गाळ वाळून बसला होता. खाली पाहिले तर जुन्या कुजलेल्या फरशीवरच नवा पत्रा ठेवून वेल्डिंग केले होते आणि वर काळा डांबरी लेप मारला होता. क्रमांक मात्र खरे निघाले. इंजिनमागच्या पत्र्यावर ठोकलेला, काचेखालच्या पट्टीवरचा आणि कागदावरचा असे तिन्ही जुळले. चोरीची गाडी नव्हती, एवढे समाधान.

मग हिशोब मांडला. खरेदी ११ हजार. फरशी आणि खालच्या पट्ट्या कापून नव्या घालणे ६ हजार. रंग ९ हजार. इंजिन, ब्रेक आणि सगळी वायरिंग ६ हजार. रबरे, बैठकी आणि इतर ४ हजार. एकूण ३६ हजार डॉलर. निर्दोष कागदांची गाडी त्याच शहरात बत्तीस हजारांना मागत होते. शिक्क्याची गाडी कितीही सुंदर झाली तरी घेणारा चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा कमी देणार, म्हणजे फार तर बावीस-चोवीस हजार. बँका अशा गाडीवर पैसे देण्यास राजी नसतात आणि पुष्कळ विमा कंपन्या पूर्ण विमा देण्यास कां-कूं करतात. १९९० च्या दशकात खुद्द निस्सान कंपनीने अमेरिकेत जुन्या २४०-झेड विकत घेऊन, नव्यासारख्या बांधून विकण्याची योजना काढली होती. ठरवलेल्या संख्येच्या आसपासही ती पोहोचली नाही आणि बंद झाली. ज्याने गाडी जन्माला घातली त्याला जो हिशोब जमला नाही, तो नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी काम करणाऱ्याला कसा जमणार?

येथपर्यंत प्रश्न फक्त नफा-नुकसानीचा होता आणि उत्तर सोपे होते. पण दुसऱ्या दिवशी पुतण्याचा पुन्हा फोन आला. त्याच्या एका मित्राने सुचवले होते की गाडी पाच-सहा हजारांत पाडून घ्यावी, वरवर नटवावी, आणखी एका राज्यात नेऊन कागद साफ करावा आणि तीस हजारांना विकावी. “चाचा, इथे पुष्कळ लोक करतात,” तो हसत म्हणाला. त्याचा आवाज हसरा होता, पण तो विचारत होता. आम्हांला ते कळले. कारण असाच विचार एके काळी आम्हीही केला होता.

आमच्या भिजलेल्या गाठी

२६ जुलै २००५ चा पाऊस भिवंडी विसरलेली नाही. त्या पुरात एका मोठ्या गोदामात पाणी शिरले. विमा कंपनीने भरपाई दिली आणि भिजलेल्या गाठी सॅल्व्हेज म्हणून विक्रीस काढल्या. आम्ही तिसऱ्या हिश्शाच्या दराने चाळीस गाठी उचलल्या. वरचे ताके काढून टाकले, उरलेले गच्चीवर वाळवले, पुन्हा घडी घालून दाबले. हाताला कापड कोरडे लागत होते. पण ग्रे कापडात कांजी असते. कांजीला ओल लागली की आत बुरशी धरते आणि सुताचा जीव जातो. हे आम्हांला माहीत नव्हते असे म्हणणे खोटे होईल. आम्ही ते मनाच्या मागे ढकलले. मुंबईतील एका शिवणकाम करणाऱ्या कारखानदाराला, बारा मशीनचा लहान माणूस, आम्ही तो माल ताजा म्हणून दिला. तो भिजलेला होता, असे सांगितले नाही.

दोन महिन्यांनी तो पेढीवर आला. हातात शाळेच्या गणवेशाचा एक सदरा होता. शिवणीवर बोट ठेवून त्याने हलकेच ओढला आणि कापड उसवले नाही, फाटले. त्याची सारी ऑर्डर परत आली होती. आम्ही त्याला म्हणालो, “माल तुम्ही पाहून घेतला होता.” हे वाक्य आजही आमच्या कानात आहे. तो काही बोलला नाही. सदरा गादीवर ठेवून निघून गेला.

दोन वर्षांनी आम्ही त्याच्याकडे जाऊन पैसे दिले, कापडाचे आणि शिलाईचेही. त्याने ते मोजून घेतले, सलामही केला. परंतु आमच्या पेढीवर त्याने त्यानंतर कधी चहा घेतला नाही. बाराच्या जागी पुढे त्याच्या चार मशीन राहिल्या. त्या चाळीस गाठींत आम्ही जे मिळवले ते कधीच संपले. जे गेले ते परत आले नाही.

हे सारे आम्ही पुतण्याला फोनवर सांगितले. घरात हे कुणालाच माहीत नव्हते. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “चाचा, तुम्ही हे मला का सांगितलेत?” आम्ही म्हणालो, “तू विचारलेस म्हणून.”

ऐब विकणे आणि ऐब लपवणे

आमचे म्हणणे असे नाही की मोडीचा माल हात लावण्याजोगा नसतो. तसे असते तर आपल्या निम्म्या कारागिरांनी दुकाने बंद करावी लागतील. भंगारातून काम काढणे हा आपल्या लोकांचा पिढीजात हुन्नर आहे. सेकंड्सचे कापड, फेंट, चिंधी, जुने माग, अपघातातील गाड्यांचे सुटे भाग, या सगळ्यांचा बाजार आहे आणि तो इज्जतीचा बाजार आहे. सेकंड्सचा माल सेकंड्स म्हणून विकला, तर घेणाराही समाधानी आणि विकणाराही. ऐब सांगितला की त्याचा दर ठरतो, आणि दर ठरला की त्यात बट्टा राहत नाही.

धान्याच्या ढिगाचा प्रसंग आपल्या वाचकांना ठाऊक आहे. बाजारातून जाताना पैगंबरांनी (स.) ढिगात हात घातला तो बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, अशी विकणाऱ्याची सबब होती. भिजलेले धान्य विकू नये, असे त्याला सांगितले गेले नाही. ओला भाग वर का ठेवला नाही, एवढेच विचारले गेले. बुडालेली मोटार काय किंवा भिजलेली गाठ काय, सवाल तोच आहे. लपलेला ऐब निघाल्यास माल परत करण्याचा हक्क आपल्या फिकहने ग्राहकाला त्याच कारणाने दिला आहे.

आपल्याकडे काय?

वाचक म्हणतील, हे अमेरिकेचे झाले. पण आपल्याकडे धोका अधिक आहे. आपल्या देशात दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी टोटल लॉस धरते. मोडीची गाडी लिलावात जाते. परंतु आपल्या आरसी बुकावर तसा शिक्का नसतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, कायमची निकामी झालेली गाडी मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी कार्यालयाला कळवायची असते. पुष्कळदा ते होत नाही. मग तीच गाडी रंग मारून बाजारात येते, किंवा तिचे कागद आणि क्रमांक चोरीच्या गाडीला चिकटवले जातात. पूर येऊन गेल्यावर दोन-चार महिन्यांनी टेम्पो आणि मोटारी एकदम स्वस्त होतात, त्या का, याचा विचार घेणाऱ्याने करावा. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा, शेवटच्या हातभर भागात गाळाची रेषा सापडते. गालिचा उचलून वास घ्यावा. जुन्या विम्याचे कागद मागावेत आणि दावा झाला होता का, ते विचारावे. चॅसीचा क्रमांक कागदाशी स्वतः ताडून पाहावा.

आमचे मत

शिक्क्याची जुनी गाडी घ्यावी काय, याचे उत्तर आम्ही असे देतो. शिक्का जुना, कारण किरकोळ, काम चांगले आणि दर निर्दोष गाडीपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी, असे असेल तर हौसेसाठी, चालवण्यासाठी जरूर घ्यावी. नफ्यासाठी घेऊ नये. विमा मिळेल का आणि तपासणीत पास होईल का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. कारण सांगता येत नसेल किंवा सांगितलेले कारण खोटे निघाले, तर गाडी कितीही मनात भरली तरी उठून यावे. जो विकणारा एक गोष्ट खोटी सांगतो, त्याच्या बाकीच्या गोष्टी तपासण्याचा खर्च गाडीपेक्षा जास्त होतो. आणि घेतलीच, तर पुढच्या गिऱ्हाइकाला विचारण्याआधी सांगण्याची तयारी ठेवूनच घ्यावी. ही तयारी नसेल तर तो सौदा आपला नव्हे.

पुतण्याने सुट्या भागांच्या भावाने चार हजार डॉलर देऊ केले आणि पत्र्यात काय निघाले ते विकणाऱ्याला स्पष्ट सांगितले. त्याने ते मानले नाही. आठवड्याच्या आत ती गाडी दुसऱ्या कुणी नेली. पुतण्या दोन दिवस उदास होता. आम्हांलाही वाईट वाटले, कारण ती हिरवी गाडी फोटोत खरोखर देखणी दिसत होती. ज्याने नेली त्याने फरशीखाली पाहिले असेल काय, हा विचार मात्र अजून मनातून जात नाही.